निवडुंगांची नोंदवही
मेक्सिकोतील एका वनस्पती उद्यानाचे कार्य

महाराष्ट्रातील अनेक घरांच्या अंगणात किंवा गच्चीवर ‘ब्रह्मकमळ’ म्हणून जे झाड कुंडीत लावलेले असते, ते पावसाळ्यात एखाद्या रात्री फुलते. घरातील मंडळी शेजाऱ्यांना बोलावतात, फुलाला हळदकुंकू वाहिले जाते आणि उजाडेपर्यंत फूल मान टाकते. हिमालयात उंचावर फुलणाऱ्या खऱ्या ब्रह्मकमळाशी या झाडाचे काहीही नाते नाही. हिमालयातील ते फूल सूर्यफुलाच्या कुलातील आहे. आपल्या कुंडीतील झाड हा निवडुंग असून त्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत आहे. ज्यांना आपण त्याची पाने समजतो ती वस्तुतः त्याची चपटी खोडे होत.

याउलट, माळरानावर किंवा शेताच्या बांधावर उभा असलेला तीनधारी निवडुंग, ज्याला निवडुंग म्हणण्यात कोणा शेतकऱ्याला शंका वाटणार नाही, तो शास्त्राच्या दृष्टीने निवडुंग नव्हे. त्याचे खोड मोडले असता पांढरा चीक गळतो, त्याची फुले बारीक असतात आणि त्याचे कुल एरंडाचे आहे. कोरड्या प्रदेशात पाणी साठवून जगण्याची गरज दोघांनाही असल्यामुळे दोघांची शरीरे सारखी झाली, इतकेच. कुंपणाच्या वनस्पतींपैकी खरा निवडुंग कोणता, तर फड्या निवडुंग. आणि तो काही शतकांपूर्वी अमेरिका खंडातून आलेला पाहुणा आहे.

खरा निवडुंग ओळखण्याची खूण शाळेतील मुलांनाही दाखविता येण्यासारखी आहे. त्याच्या खोडावर ठिकठिकाणी लहान, मऊ, लवदार उंचवटे असतात. शास्त्रात त्यांना ‘अरिओल’ म्हणतात. काटे, फुले आणि नव्या फांद्या या उंचवट्यांतूनच फुटतात. हा उंचवटा निवडुंग कुलातील प्रत्येक झाडाला असतो, इतर कोणत्याही कुलातील झाडाला नसतो. काटे हे मात्र निवडुंगाचे लक्षण मानता येत नाही, कारण काटे बाभळीलाही असतात आणि कुंडीतील ब्रह्मकमळाला ते दिसतही नाहीत. या कुलात सुमारे दीड हजार जाती आहेत. केवळ एका जातीचा अपवाद वगळता त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. अपवाद असलेली जाती आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंका येथेही आढळते.

नावांचा हा घोळ वरवर पाहता गमतीचा वाटतो. परंतु चुकीच्या नावाची किंमत मोजावी लागते, आणि ती भारतानेही मोजली आहे. कोचिनील नावाच्या लहान किड्यापासून उंची लाल रंग मिळतो आणि हा किडा फड्या निवडुंगावर वाढतो, हे युरोपीय व्यापाऱ्यांना ठाऊक होते. १७९५ मध्ये ब्राझीलहून असे किडे भारतात आणले गेले. आणलेला किडा रंग देणाऱ्या जातीचा आहे, अशी समजूत होती. प्रत्यक्षात तो त्याचा एक निकृष्ट भाऊबंद होता. रंगाचा व्यवसाय फसला, परंतु हा किडा एका विशिष्ट जातीच्या फड्या निवडुंगावर तुटून पडला आणि ते निवडुंग मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले. पुढे हे पाहून दक्षिण भारतात तो मुद्दाम सोडण्यात आला. मात्र फड्या निवडुंगाची जी दुसरी जाती शेते आणि गायराने व्यापून बसली होती, तिला या किड्याने स्पर्शही केला नाही. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळ्या जातीचा किडा आणावा लागला, तेव्हा कोठे रान मोकळे झाले. किड्याच्या दोन जाती, निवडुंगाच्या दोन जाती आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या. हा फरक डोळ्यांना सहज दिसत नाही. तो ओळखण्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षे नमुने गोळा करून, तुलना करून, नावे लावून ठेवलेली असावी लागतात.

हे काम वनस्पती उद्यानांत आणि वनस्पतिसंग्रहालयांत चालते. बागेचा फेरफटका मारणाऱ्या प्रेक्षकाला ते दिसत नाही. निवडुंगांच्या बाबतीत ते कसे चालते, हे पाहण्यासाठी मेक्सिकोइतके योग्य ठिकाण नाही.

निवडुंगांचा देश

मेक्सिकोत निवडुंगांच्या सुमारे साडेसहाशे ते सातशे जाती आहेत आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. त्या देशाच्या राष्ट्रध्वजावर निवडुंगावर बसलेला गरुड आहे. तो निवडुंग आपल्या फड्या निवडुंगाच्याच वंशातील होय. त्याच्या कोवळ्या फड्यांची तेथे भाजी करतात, पिकलेली फळे बाजारात ढिगांनी विकली जातात. अशा देशात निवडुंगांची शास्त्रशुद्ध मोजदाद मात्र दीर्घकाळ परकीय अभ्यासकांच्या हाती होती. नमुने युरोप-अमेरिकेत जात, ग्रंथ जर्मन किंवा इंग्रजी भाषेत निघत, आणि मेक्सिकोतील शिक्षकाला आपल्याच गावाच्या टेकडीवरील झाडाचे नाव शोधण्यासाठी परदेशी ग्रंथालयाचा आधार घ्यावा लागे.

ही स्थिती ज्यांनी बदलली त्यांत श्रीमती एलिया ब्राव्हो हॉलिस यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०१ रोजी मिक्सकोआक येथे झाला. त्या वेळी ते मेक्सिको शहराबाहेरचे गाव होते, आज ते शहरात विलीन झाले आहे. मेक्सिकोतील क्रांतीच्या धामधुमीत त्यांचे वडील मारले गेले. विद्यार्थिदशेत इसाक ओचोतेरेना या जीवशास्त्राच्या शिक्षकांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या एकपेशीय जीवांच्या अभ्यासापासून त्यांनी सुरुवात केली. १९२७ मध्ये त्यांनी जीवशास्त्राची पदवी मिळविली. ही पदवी मिळविणाऱ्या त्या मेक्सिकोतील पहिल्या महिला होत. १९२९ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाला स्वायत्तता मिळून तेथे जीवशास्त्र संस्था स्थापन झाली. ओचोतेरेना तिचे संचालक झाले, तेव्हा तेथील वनस्पतिसंग्रहाची व्यवस्था आणि निवडुंगांचा अभ्यास ही कामे श्रीमती ब्राव्हो यांच्याकडे आली. एकपेशीय जीव सोडून काटेरी झाडांकडे वळणे ही त्यांची स्वतःची निवड होती असे नव्हे. ते संस्थेने सोपविलेले काम होते. पुढची सत्तर वर्षे त्यांनी ते सोडले नाही.

काट्यांचा नमुना कसा ठेवतात

कोणत्याही साध्या झाडाची फांदी टीपकागदात दाबून वाळविली की वनस्पतिसंग्रहासाठी नमुना तयार होतो. निवडुंग मात्र दाबला जात नाही. त्याचा गर पाण्याने भरलेला असतो. तो कागदात घातला तर सडतो, आणि सडला नाही तर कित्येक आठवडे जिवंतच राहतो. म्हणून खोड उभे चिरून आतील गर कोरून काढावा लागतो, बाहेरची साल धारा आणि काट्यांसह वाळवावी लागते, फूल वेगळे कापून मद्यार्कात ठेवावे लागते आणि ताज्या फुलाचा रंग तत्काळ लिहून ठेवावा लागतो, कारण वाळल्यावर तो उरत नाही. हे सर्व रानात, काट्यांशी झटत करायचे. एवढ्या कटकटीमुळे निवडुंगांचे नमुने करण्याचा कंटाळा अनेक संग्राहकांनी केला आणि त्याचे परिणाम शास्त्राला आजही भोगावे लागत आहेत.

वर्गीकरणाचा इतिहास थोडक्यात पाहिल्यास हे ध्यानात येईल. १७५३ मध्ये लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्या वेळी ज्ञात असलेले बावीस निवडुंग एकाच वंशात घातले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यूयॉर्क वनस्पती उद्यानाचे संचालक ब्रिटन आणि त्यांचे सहकारी रोझ यांनी १९१९ ते १९२३ या काळात चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत वंशांची संख्या १२४ आणि जातींची संख्या बाराशेवर गेली होती. त्यानंतर कुर्ट बाकेबेर्ग या जर्मन संग्राहकाने १९५८ ते १९६२ या काळात सहा खंड काढले आणि वंशांची संख्या दोनशेच्या पुढे नेली. बाकेबेर्ग यांचा उत्साह दांडगा होता, परंतु ज्या झाडांना त्यांनी नवी नावे दिली त्यांपैकी पुष्कळांचे प्रमाण-नमुने त्यांनी जतन केले नाहीत. नवे नाव देताना ते नाव ज्या झाडावरून दिले त्याचा एक नमुना संग्रहात ठेवला पाहिजे, म्हणजे पुढे शंका आल्यास त्याच्याशी ताडून पाहता येते. जमिनीच्या मोजणीत हद्दीच्या दगडाला जे महत्त्व, तेच वर्गीकरणात या प्रमाण-नमुन्याला. दगडच नसेल तर हद्दीचा वाद मिटणार कसा? बाकेबेर्ग यांच्यामागून आलेल्या अभ्यासकांचे निम्मे श्रम हे वाद मिटविण्यातच खर्ची पडले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

श्रीमती ब्राव्हो यांच्या कामाचे मोल या पार्श्वभूमीवर ओळखले पाहिजे. तेवाकान खोऱ्यातील निवडुंगांचा त्यांनी तरुणपणीच अभ्यास केला. १९३७ मध्ये ‘मेक्सिकोतील निवडुंग’ हा त्यांचा स्पॅनिश भाषेतील ग्रंथ विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आपल्या देशातील निवडुंगांची ओळख आपल्या भाषेत पटविण्याची सोय त्यामुळे झाली. मध्यंतरी त्यांनी राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्थेत अध्यापन केले. १९५१ मध्ये निवडुंगप्रेमींची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या. एर्नांदो सांचेस-मेखोरादा यांच्या सहकार्याने त्यांनी जुन्या ग्रंथाचे संपूर्ण पुनर्लेखन हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९७८ मध्ये आणि उरलेले दोन खंड १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. शेवटचे खंड निघाले तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती. १९८५ मध्ये विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. शंभरावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर असताना, २६ सप्टेंबर २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

बाकेबेर्ग यांनी १९५६ मध्ये श्रीमती ब्राव्हो यांच्या सन्मानार्थ निवडुंगाच्या एका वंशाला ‘एलियाब्राव्होआ’ असे नाव दिले होते. या वंशात एकच जाती होती. स्थानिक लोक तिला ‘चेंदे’ म्हणतात. पुढे शरीररचनेचा आणि रासायनिक घटकांचा अभ्यास झाला, तेव्हा चेंदे हा ‘पोलास्किया’ या आधीच्या वंशातीलच असल्याचे दिसून आले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो त्या वंशात गेला. अशा रीतीने सन्मानार्थ दिलेले नाव समानार्थी नावांच्या यादीत जाऊन बसले. शास्त्रात अशा गोष्टींना इलाज नसतो.

नावे बदलली की सामान्य वाचकाला, आणि खरे सांगायचे तर कार्यालयातील लिपिकालाही, त्रास होतो. सांगली-सोलापूरकडील शेतकरी आज जे ड्रॅगनफ्रूट पिकवितात, तेही निवडुंगाचेच फळ. जुन्या पुस्तिकांत त्याच्या वंशाचे नाव ‘हायलोसेरियस’ असे आढळेल. नव्या प्रकाशनांत तेच पीक ‘सेलेनिसेरियस’ या नावाने दिसते, कारण जनुकीय तपासणीवरून २०१७ मध्ये हे दोन वंश एक करण्यात आले. पीक बदललेले नाही, रोपही बदललेले नाही. दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत हे माहीत असले म्हणजे पुरे.

लाव्हावरील उद्यान

मेक्सिको शहराच्या दक्षिणेस पेद्रेगाल नावाचा खडकाळ प्रदेश आहे. शित्ले नावाच्या लहान ज्वालामुखीने सुमारे सतराशे वर्षांपूर्वी ओकलेल्या लाव्हाचा हा थर आहे. दख्खनच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या महाराष्ट्रीय माणसाला तो परका वाटणार नाही, मात्र आपला कातळ कोट्यवधी वर्षांचा आणि हा अगदी कालचा. विद्यापीठाची नवी वसाहत याच लाव्हावर उभी राहिली आणि १ जानेवारी १९५९ रोजी तेथेच विद्यापीठाचे वनस्पती उद्यान स्थापन झाले. फाउस्तिनो मिरांडा हे त्याचे संस्थापक संचालक. संस्थापनेच्या कार्यात श्रीमती ब्राव्हो यांचा वाटा होता, आणि पुढे १९६० च्या दशकात उद्यानाची धुराही त्यांनी सांभाळली. कोरड्या प्रदेशातील वनस्पतींच्या तेथील विभागाला आज त्यांचे नाव आहे.

अशा उद्यानातील निवडुंग-संग्रहाच्या प्रमुखाचे काम माळ्याच्या कामापेक्षा वेगळे असते. पाणी, माती, ऊन यांची काळजी तर घ्यावी लागतेच. अति पाण्याने निवडुंग कुजतो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याचे खरे काम नोंदवहीत असते. उद्यानात आलेल्या प्रत्येक झाडाला क्रमांक दिला जातो, आणि त्या क्रमांकापुढे ते कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या डोंगरावरून, कोणत्या उंचीवरून, कोणत्या प्रकारच्या खडकावरून आणले याची नोंद होते. ही नोंद असलेले लहानसे रोप शास्त्राच्या दृष्टीने मौल्यवान असते, आणि नोंद नसलेला भला मोठा, देखणा निवडुंग केवळ शोभेचा ठरतो. बाजारातून घेतलेल्या झाडावरून, मग ते कितीही दुर्मिळ असो, त्याच्या मूळ वस्तीबद्दल काहीच सांगता येत नाही.

यापुढची अडचण अधिक बारीक आहे. रानात जे निवडुंग एकमेकांपासून शेकडो मैल दूर वाढतात, ते उद्यानात शेजारी-शेजारी कुंड्यांत येतात. एकाच्या फुलावरून दुसऱ्याच्या फुलावर मधमाशी गेली की संकर होतो. त्या फळातील बी पेरले तर रोप उगवते, वाढते, फुलतेही. पण ते रानातील कोणत्याच जातीचे नसते. असे रोप संवर्धनाच्या नावाखाली डोंगरावर नेऊन लावले तर तेथील शुद्ध वस्तीच बिघडते. म्हणून बी हवे असेल तेव्हा फूल उमलण्यापूर्वी त्यावर जाळी किंवा पिशवी बांधतात, एकाच ठिकाणाहून आलेल्या दोन झाडांत हाताने परागण करतात आणि त्याचीही नोंद ठेवतात. रात्री फुलणाऱ्या जातींसाठी हे काम रात्री करावे लागते, कारण पहाट झाली की फूल मिटलेले असते.

निवडुंगाचे रोप आणि निवडुंगाचे प्रौढ झाड यांच्यात कमालीचा फरक असू शकतो. काट्यांची संख्या, लांबी, रंग, धारा हे सर्व वयाबरोबर बदलते. एकाच जातीच्या बालरूपाला एक आणि प्रौढरूपाला दुसरे नाव दिल्याची उदाहरणे घडली आहेत. एखादे रोप वीस-पंचवीस वर्षे डोळ्यांसमोर वाढताना पाहिल्याशिवाय हा घोटाळा उलगडत नाही. ही सोय उद्यानातच असते, आणि त्यासाठी पहिल्या प्रमुखाने सुरू केलेली नोंदवही तिसऱ्या प्रमुखानेही तितक्याच निष्ठेने चालवावी लागते.

संवर्धनाची झळ

पेद्रेगालच्या लाव्हावर मामिलारिया वंशातील एक लहानसा, गोलसर निवडुंग वाढत असे. सांचेस-मेखोरादा यांनी त्याचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन केले आणि सान आंखेल या परिसराच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. परंतु शहर दक्षिणेकडे सरकत होते. लाव्हा फोडून घरे, रस्ते आणि विद्यापीठाच्याच इमारती उठल्या होत्या, आणि उद्यानाच्या अंगणातील हा निवडुंग जवळजवळ नाहीसा झाला. १९८३ मध्ये विद्यापीठाने लाव्हाचा काही भाग राखीव ठेवला. दरम्यान उद्यानाच्या प्रयोगशाळेत या निवडुंगाच्या ऊतींचे तुकडे काचेच्या नळ्यांत वाढवून त्यांपासून रोपे तयार करण्यात यश आले, आणि अशी रोपे पुन्हा राखीव क्षेत्रातील लाव्हावर लावण्यात आली.

येथे वर्गीकरणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. १९९७ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे निवडुंगतज्ज्ञ डेव्हिड हंट यांनी हा निवडुंग स्वतंत्र जाती नसून एका अधिक पसरलेल्या जातीची उपजाती आहे, असे मत मांडले. आता, स्वतंत्र जाती म्हटली की ती पृथ्वीवरून नष्ट होत आहे असे म्हणावे लागते. उपजाती म्हटली की मूळ जाती अन्यत्र सुखरूप आहे, असे उत्तर मिळते. एका शब्दाच्या फरकाने निधीचा आणि अग्रक्रमाचा प्रश्न बदलू शकतो. म्हणून संवर्धनाचे निर्णय केवळ यादीतील नाव पाहून न घेता, त्या ठिकाणची ती वस्ती वेगळी आणि राखण्याजोगी आहे काय, हे पाहून घ्यावे लागतात. विद्यापीठाने या निवडुंगाचे काम पुढे चालू ठेवले, हे योग्यच झाले.

निवडुंगांवरील संकट तीन बाजूंनी येते. शेती, चराई आणि वस्ती यांसाठी जमीन साफ होते, ही पहिली बाजू आपल्या परिचयाची आहे. दुसरी बाजू स्थानिक उपयोगाची. मेक्सिकोत पिंपासारख्या जाड निवडुंगाच्या गरापासून ‘आसित्रोन’ नावाची मिठाई करीत असत. आपल्याकडील कोहळ्याच्या पेठ्याची आठवण व्हावी असा तो प्रकार. सणासुदीच्या पक्वान्नांत त्याला मान होता. परंतु कोहळा दर हंगामात वेलावर धरतो, आणि हा निवडुंग पिंपाएवढा होण्यास अनेक दशके लागतात. गर काढला की झाड मेले. आज या निवडुंगाला कायद्याचे संरक्षण असून रानातून तो तोडण्यास मनाई आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची चव सोडून देण्यास लोकांचे मन वळविणे मात्र कायदा करण्याइतके सोपे नसते.

तिसरी बाजू सर्वांत चमत्कारिक आहे, कारण तेथे निवडुंगाचा शत्रू हा त्याचा चाहता असतो. श्रीमंत देशांतील काही संग्राहकांना रानातून उपटलेला, दगडांत खरचटलेला, जुना निवडुंगच हवा असतो. रोपवाटिकेतील गुळगुळीत रोप त्यांना चालत नाही. १९९२ मध्ये एर्नांदेस आणि अँडरसन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी सान लुईस पोतोसी राज्यातील एका नव्या जातीचे वर्णन केले. जमिनीलगत दगडासारखा पडून राहणाऱ्या आरिओकार्पस वंशातील हा निवडुंग. त्याला त्यांनी श्रीमती ब्राव्हो यांचे नाव दिले. त्याची वस्ती अतिशय लहान असल्याने चोरट्या संग्राहकांचा धोका त्याला सतत आहे. शास्त्रज्ञाने ठिकाण प्रसिद्ध करावे, की करू नये? ठिकाण सांगितले नाही तर शास्त्र अपुरे राहते. सांगितले तर चोराला वाट दाखविल्यासारखे होते. अलीकडे दुर्मिळ जातींची नेमकी ठिकाणे छापील लेखात न देण्याची प्रथा पडली आहे. ती माहिती संग्रहालयाच्या नोंदवहीत कुलुपबंद असते.

नोंदवहीची गरज न्यायालयातही लागते. धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘सायटीस’ हा करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ मध्ये अमलात आला. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला, तर मेक्सिको १९९१ मध्ये. जवळजवळ संपूर्ण निवडुंग कुल या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आरिओकार्पससारखे अधिक धोक्यातील वंश पहिल्या परिशिष्टात आहेत, व त्यांच्या रानातील झाडांचा व्यापारासाठी विक्रय निषिद्ध आहे. परंतु विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याने खोक्यातील काटेरी गोळा पाहून तो कोणत्या परिशिष्टातील आहे हे कसे ओळखावे? यासाठी हंट यांनी निवडुंगांच्या मान्य आणि समानार्थी नावांची सूची तयार केली. ती १९९२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. आधी सांगितलेले नावांचे सारे वाद ज्यांना निरर्थक वाटत असतील, त्यांनी या सूचीचा विचार करावा. जुन्या नावाने भरलेले बीजक दाखवून झाड सोडवून नेण्याची पळवाट ती बंद करते.

फेब्रुवारी २०२० मध्ये इटलीतील पोलिसांना एका घरात एक हजाराहून अधिक निवडुंग सापडले. ते चिलीच्या आताकामा वाळवंटातून चोरून आणलेले होते. जिवंत मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या खोलीत ठेवता येत नाही. तो मिलान येथील वनस्पती उद्यानाच्या ताब्यात देण्यात आला. एप्रिल २०२१ मध्ये त्यांपैकी ८४४ झाडे चिलीला परत पाठविण्यात आली आणि काही अभ्यासासाठी मिलानमध्येच ठेवली गेली. सुमारे शंभर झाडे मात्र दगावली होती. परत गेलेल्या झाडांचाही मूळ डोंगर कोणता, हे चोराने लिहून ठेवलेले नसते.

२०१५ मध्ये निवडुंगांच्या १,४७८ जातींचा जागतिक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. भारतातही वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २०२२ मधील दुरुस्तीने सायटीस करारातील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची जोडण्यात आली आहे. त्यामुळे परदेशी निवडुंगांचा हौशी व्यवहारही आता केवळ छंदाचा विषय राहिलेला नाही.

मेक्सिकोच्या विद्यापीठातील उद्यानाने लोकांच्या छंदाचा उपयोग करून घेण्याचा एक मार्ग काढला आहे. तेथे धोक्यातील मेक्सिकन वनस्पतींचे ‘दत्तक केंद्र’ चालते. उद्यानात वाढविलेली रोपे नागरिकांना दिली जातात आणि त्यांनी ती सांभाळावी अशी अपेक्षा असते. ज्याला निवडुंग हवा आहे त्याला तो कायदेशीर रीतीने मिळाला, तर रानातून उपटलेल्या झाडाचे गिऱ्हाईक कमी होते, असा यामागील हिशेब आहे. जुन्या, ओबडधोबड झाडाचाच हट्ट धरणारा संग्राहक या योजनेने सुधारेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु गिऱ्हाईकांत त्याची संख्या थोडी असते.

श्रीमती ब्राव्हो यांनी तरुणपणी ज्या तेवाकान खोऱ्यात काम केले, तेथे आज परिस्थिती काय आहे? पुएब्ला आणि ओआहाका या दोन राज्यांत पसरलेल्या या खोऱ्याचा मोठा भाग १९९८ मध्ये जैवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. खांबांसारखे सरळ वाढणारे निवडुंग तेथे इतके दाट उभे आहेत, की दुरून पाहणाऱ्याला टेकड्यांवर तारेचे खांब रोवल्याचा भास व्हावा. खोऱ्यातील सापोतित्लान हे गाव पूर्वीपासून मिठागरांसाठी आणि गोमेदासारख्या रंगीत दगडाच्या कलाकुसरीसाठी ओळखले जाते. गावाजवळ श्रीमती ब्राव्हो यांच्या नावाचे वनस्पती उद्यान आहे. तेथील निवडुंग कुंड्यांत नाहीत; ते आपल्या मूळ जागी, आपल्या मूळ शेजाऱ्यांसह उभे आहेत.

ज्याचे वंशनाव गेले तो चेंदेही याच खोऱ्यात वाढतो. त्याची फळे लोक खातात. शेतासाठी रान साफ करताना येथील शेतकरी चांगल्या फळांची झाडे तोडीत नाहीत. ती मक्याच्या पिकात तशीच उभी ठेवतात.